भाडं शेवटी विचारा: मराठवाड्यातून पहिल्यांदाच माल पाठवणाऱ्यांसाठी

लातूरच्या एका डाळमिलमध्ये मी बारा वर्षं माल रवाना करण्याचं काम केलं. आता ते काम सुटलं, पण ओळखीतल्या कुणाला पहिल्यांदाच बाहेरगावी माल पाठवायचा असला की फोन हमखास येतो. कधी बचत गटाच्या ताई असतात, कधी शेतकरी कंपनीत नुकताच लागलेला एखादा पोरगा. पहिला प्रश्न ठरलेला: "भाऊ, पुण्याला भाडं काय चाललंय?"

मी त्यांना उलट विचारतो. माल काय आहे? किती आहे? कशात भरलाय? भिजला, फुटला, हरवला तर कितीचा फटका बसेल? ही उत्तरं हातात नसताना भाडं विचारलं की समोरचा त्याच्या सोयीचा आकडा सांगतो आणि आपण तो इतरांच्या आकड्याशी ताडून पाहतो. पण ते आकडे एकाच कामाचे नसतात. एकाने घरपोच धरलेलं असतं, दुसऱ्याने त्याच्या गोदामापर्यंत. म्हणून भाड्याचा प्रश्न मी शेवटी ठेवायला सांगतो.

पहिलं काम: माल कागदावर उतरवा

एक साधा कागद घ्या. त्यावर नगांची संख्या, एका नगाचं वजन, लांबी-रुंदी-उंची, एकूण किंमत आणि माल कशाला घाबरतो ते लिहा. शेवटची गोष्ट बहुतेकजण लिहीत नाहीत. डाळ ओलाव्याला घाबरते. वसमतची हळद ओलाव्याला तर घाबरतेच, शिवाय शेजारी ठेवलेल्या औषधांच्या, खतांच्या वासालाही. सीताफळ वेळेला घाबरतं, कारण तोडल्यावर तीन-चार दिवसांत ते मऊ पडतं. जालन्याची सळई कशालाच घाबरत नाही, पण तिची लांबी 12 मीटर, म्हणजे सुमारे 39 फूट. ती सरळच हवी असेल तर ट्रेलर लागतो. साध्या ट्रकमध्ये न्यायची तर दुमडून भरावी लागते. गाडीबाहेर लोंबणारी सळई कायद्याने चालत नाही आणि रात्रीच्या रस्त्यावर ती मागच्या माणसाचा जीव घेते. तिथे तडजोड करूच नका.

आता वजनाबद्दल. वाहतुकीत वजन दोन प्रकारचं असतं. एक काट्यावरचं, दुसरं जागेचं. पापड, शेवया, कुरडया असा फुगीर माल खोका भरतो, पण काटा हलवत नाही. फुटकर, म्हणजे गाडीभर नसलेला, माल घेणारे ट्रान्सपोर्टवाले मग खोक्याचं घनफूट काढून त्याला ठरावीक किलोंनी गुणतात आणि दोन्हींत जे जास्त येईल त्यावर भाडं लावतात. समजा खोका 3 फूट लांब, 2 फूट रुंद, 2 फूट उंच आहे. म्हणजे 12 घनफूट. घनफुटाला 8 किलो धरले तर 96 किलो झाले. आत शेवया 40 किलोच असल्या तरी बिल 96 चं येईल. हा गुणक प्रत्येकाचा वेगळा असतो, म्हणून नुसता किलोचा दर विचारून भागत नाही. "घनफुटाला किती किलो धरता?" हेही विचारा. माझ्या माहितीतल्या एका गटाने फक्त खोक्याची उंची कमी करून वरची पोकळ जागा काढून टाकली, तर त्यांचं भाडं जवळपास तिसऱ्या हिश्श्याने उतरलं.

पूर्ण गाडी की फुटकर?

माल गाडीच्या क्षमतेच्या निम्म्याहून बराच जास्त असेल तर पूर्ण गाडी करा. त्याहून कमी असेल तर फुटकर, ज्याला सगळे पार्ट लोड म्हणतात. हा झाला ढोबळ नियम. नाशवंत मालाला तो लावू नका.

अंदाजासाठी सांगतो. छोटा हत्ती 700-750 किलो, पिकअप दीड टनाच्या आसपास, 14 फुटी आयशर साडेतीन ते चार टन, दहा टायरचा ट्रक 16 ते 18 टन. मॉडेलप्रमाणे हे आकडे बदलतात. खरा आकडा गाडीच्या आरसी बुकात असतो: भरलेल्या गाडीचं मंजूर वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन. "अजून दोन टन बसतील की" असं ड्रायव्हर म्हणाला तरी भरू नका. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा वजनाला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे. शिवाय जादा माल जागेवरच उतरवायला लावतात. भर पावसात, अनोळखी रस्त्याच्या कडेला आपली पोती उतरलेली पाहायची वेळ कुणावर येऊ नये.

फुटकर मालाचा खरा प्रश्न चढ-उताराचा आहे. लातूरचा माल नाशिकला जायचा तर तो बहुधा एकाच गाडीने जात नाही. मध्ये कुठल्यातरी गोदामात उतरतो, दुसऱ्या गाडीची वाट पाहतो, पुन्हा चढतो. प्रत्येक चढ-उताराला हमालाचा लोखंडी हूक पोत्यात घुसतो, खोका आपटतो, एखादा नग भलत्याच गावच्या ढिगात जातो. तेव्हा विचारा: माल किती ठिकाणी उतरतो? त्या गावाला गाडी रोज सुटते की भरेल तेव्हा? गोदामाला छप्पर आहे का? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण जून ते सप्टेंबर तोच सगळ्यात मोलाचा. जमलं तर स्वतः जाऊन गोदाम पाहून या.

सीताफळ, केशर आंबा, मोसंबी फुटकरमध्ये देऊच नका. गावातल्या चौघांनी मिळून एक पिकअप केली तर फळं संध्याकाळी भरून पहाटे पुण्याच्या बाजारात उतरतात. त्यात खर्च थोडा जास्त येईल, पण फळ विकण्याजोगं पोचेल.

माल कुणाच्या हाती देताय?

या टप्प्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगतो.

मराठवाड्यात माल नेणारे साधारण तीन प्रकारचे भेटतात. पहिला स्वतःची गाडी असलेला मालक, बऱ्याचदा तोच ड्रायव्हर. दुसरा ट्रान्सपोर्ट नगरातला दलाल, ज्याची स्वतःची गाडी नसते. तो गाडी लावून देतो आणि त्याचं कमिशन घेतो. तिसरी ट्रान्सपोर्ट कंपनी, जिची गोदामं, शाखा आणि ठरलेले मार्ग असतात आणि जी बिल्टी, म्हणजे माल नेण्यासाठी ताब्यात घेतल्याची पावती, देते. खासगी ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पार्सल टाकण्याची पद्धतही आपल्याकडे रुळली आहे. एखादी पिशवी, नमुन्याचा डबा ठीक आहे. पण बिल्टीशिवाय व्यापाराचा माल तिथे टाकला आणि तो हरवला, तर आपला माल त्या बसमध्ये होता हेच सिद्ध करता येत नाही.

यातला कुणी वाईट नाही. चांगला दलाल तर सोन्यासारखा. हंगामात गाड्या मिळत नाहीत तेव्हा तोच कामाला येतो. फक्त प्रत्येकाची जबाबदारी कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते माहीत असावं. दलाल गाडी लावून बाजूला होतो. मग बिल्टी कुणाच्या नावाची? नुकसान झालं तर लिहायचं कुणाला? हे गाडी लागायच्या आधी स्पष्ट करून घ्या, भरून निघाल्यावर नाही. 2007 च्या रस्ते मालवाहतूक कायद्याप्रमाणे सर्वांचा माल भाड्याने गोळा करून नेणाऱ्याला नोंदणी करावी लागते. तो नोंदणी क्रमांक आणि जीएसटी क्रमांक मागितला म्हणून प्रामाणिक माणूस रागावत नाही.

अनोळखी गाडी असेल तर एम-परिवहन अ‍ॅपवर नंबर टाका. फिटनेस आणि विम्याची मुदत दिसते. परमिटचा कागद वेगळा पाहा. हैदराबादकडे किंवा बिदरकडे जायचं तर नॅशनल परमिट हवं. ड्रायव्हरच्या लायसन्सचा आणि समोर उभ्या गाडीच्या नंबर प्लेटचा फोटो घ्या. आगाऊ रक्कम गाडीमालकाच्या किंवा कंपनीच्या नावाच्या खात्यावरच टाका. "माझ्या मेहुण्याच्या नंबरवर पाठवा" असं कुणी म्हणालं, तर तिथेच थांबा. गाडी दारात लागण्याआधी आगाऊ मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

सहाशे रुपये आणि अकरा पोती

एकदा ऑगस्टमध्ये साताऱ्याला तूरडाळीची 40 पोती पाठवायची होती. 50 किलोचं पोतं, एकूण 2 टन. आमचा नेहमीचा माणूस किलोला 1 रुपया 90 पैसे घेत होता. एकाने 1 रुपया 60 पैसे सांगितले. 600 रुपये वाचले म्हणून मी त्याला माल दिला. बिल्टीवर किमतीचा रकाना होता, तो मी घाईत कोराच सोडला. खाली बारीक अक्षरात "माल मालकाच्या जोखमीवर" असं छापलेलं होतं, तेही वाचलं नाही.

वाटेत माल एका ठिकाणी उतरला आणि रात्रभर ताडपत्रीशिवाय राहिला. 11 पोती भिजली. साडेपाचशे किलो डाळ, तेव्हाच्या भावाने 52,000 रुपयांच्या वर.

भरपाई मागायला गेलो तेव्हा कायदा कळला. माल पाठवताना किंमत जाहीर करून जास्त जोखमीचा दर भरला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटीपर्यंतच असते. आमचं भाडं 3,200. म्हणजे कमाल 32,000. तेवढेही पूर्ण मिळाले नाहीत, आणि जे मिळाले त्याला पाच महिने लागले. मालक मला एक शब्दही बोलला नाही, पण ती 11 पोती मी अजून विसरलेलो नाही.

म्हणून हे नीट लक्षात घ्या. स्वस्त भाडं घेतलं की त्याच्या दहा पटीची मर्यादाही त्याच प्रमाणात खाली येते. किमतीचा रकाना कधीही कोरा सोडू नका. माल महाग असेल तर जास्त जोखमीचा दर विचारा किंवा स्वतः ट्रान्झिट विमा, म्हणजे वाटेतल्या मालाचा विमा, काढा. तो एका खेपेचाही मिळतो, वर्षाचाही. "गाडीचा विमा आहे की" असं अनेकजण सांगतात. तो गाडीचा असतो. आपल्या मालाशी त्याचा संबंध नाही.

आता भाडं विचारा

तिघांना विचारा, आणि तिघांनाही तोच कागद दाखवून. आकड्यात काय काय आलं ते एकेक करून विचारा: इथली भराई, तिथली उतराई, टोल, घरपोच की गोदामावर, बिल्टीचा खर्च. वाराईवरून म्हणजे उतरवण्याच्या मजुरीवरून जेवढी भांडणं होतात तेवढी भाड्यावरूनही होत नाहीत. ती कुणी द्यायची हे घेणाऱ्या पार्टीशीही आधीच बोलून ठेवा, नाहीतर तिकडे दारात गाडी उभी राहते आणि ड्रायव्हर बिचारा मध्ये अडकतो. गाडी रिकामी होईपर्यंत किती तास फुकट थांबेल आणि नंतर हॉल्टिंग म्हणजे थांबण्याचे पैसे किती, हेही ठरवा.

भाडं कशाने चढतं-उतरतं तेही थोडं समजून घ्या. गाडीवाला परतीच्या मालाचा हिशोब करतो. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, जालना या भागात कारखान्यांचा माल येतोही आणि जातोही, म्हणून तिथून पुण्या-मुंबईकडे गाडी लवकर मिळते. हिंगोलीच्या किंवा धाराशिवच्या आतल्या तालुक्यातून आडमार्गाच्या गावाला जायचं असेल, तर गाडीवाला रिकामं परत येण्याचं भाडंही धरतो. त्याचं चुकत नाही, डिझेल त्याला दोन्हीकडून लागतं. तुमच्या गावात बाहेरून काय येतं ते पाहा. खत, सिमेंट, किराणा घेऊन आलेली गाडी परत जाताना मालाच्या शोधात असते. ती स्वस्तात मिळते, पण तिच्यात खत होतं का, हे खाण्याचा माल भरण्याआधी तपासा.

दसरा ते दिवाळी लातूर, उदगीर पट्ट्यात सोयाबीनची आवक असते. तेव्हा गाडी ऐनवेळी मिळत नाही आणि मिळाली तर चढ्या भावाने. त्या महिन्यात चार-पाच दिवस आधी सांगून ठेवा.

समृद्धी महामार्ग 5 जून 2025 पासून पूर्ण 701 किलोमीटर खुला झाला. त्याचा थेट फायदा जालना आणि छत्रपती संभाजीनगरला. "समृद्धीने नेतो" म्हणून वेळ कमी सांगितली, तर टोल भाड्यात आहे की वेगळा ते लगेच विचारून घ्या.

कागदपत्रं

बिल किंवा डिलिव्हरी चलन, बिल्टी, आणि लागत असेल तर ई-वे बिल, म्हणजे जीएसटीच्या पोर्टलवर काढायचा माल नेण्याचा कागद. महाराष्ट्राच्या आत 1 लाख रुपयांपर्यंतच्या मालाला ई-वे बिल लागत नाही, पण राज्य ओलांडलं की मर्यादा 50,000 ची. नांदेडहून निजामाबाद किंवा उदगीरहून बिदर आपल्याला शेजारचं गाव वाटतं, मुंबईपेक्षा तर कितीतरी जवळ, पण तिथे राज्य बदलतं. नवीन माणूस नेमका इथेच चुकतो.

ई-वे बिलाची मुदत 200 किलोमीटरला 1 दिवस. लातूर ते मुंबई सुमारे 500 किलोमीटर, म्हणजे 3 दिवस. गाडी बिघडली तर मुदत संपण्याच्या 8 तास आधीपासून 8 तास नंतरपर्यंत ती वाढवता येते. ई-वे बिलाच्या भाग 'ब' मध्ये गाडीचा नंबर असतो. वाटेत गाडी बदलली तर तो ट्रान्सपोर्टवाल्याने बदलायला हवा. त्याला फोन करून बदलल्याची खात्री करा.

50 किलोच्या पोत्यातली डाळ जीएसटीमुक्त, म्हणून तिला ई-वे बिल लागत नाही. तीच डाळ किलोच्या छापील पाकिटात भरली की 5 टक्के कर आणि ई-वे बिलाचा नियम दोन्ही लागू. भाड्यावरच्या करातही असाच फरक आहे: धान्य, डाळी, पीठ, दूध, शेतमाल यांच्या वाहतुकीला जीएसटी नाही. इतर मालाला बिल्टी देणाऱ्या ट्रान्सपोर्टचा 5 टक्के, किंवा त्यांनी दुसरा पर्याय निवडला असेल तर 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के. 5 टक्क्यांचा कर अनेकदा भाडं देणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्यालाच भरावा लागतो, तेव्हा तुमच्या सीएला एकदा विचारून घ्या.

गाडी भरताना तिथे उभे राहा

रिकामी गाडी आतून पाहा. फळीला खिळे, तळाला ओल, कोपऱ्यात खताचे कण असतील तर आधी झाडून, अंथरूण टाकून घ्या. ताडपत्री उघडून उन्हाकडे धरा. भोकं लगेच दिसतात. पावसाळ्यात दोन ताडपत्र्या मागा. जड माल खाली, हलका वर. प्रत्येक नगावर पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव, गाव, फोन आणि "40 पैकी 7" असा क्रमांक लिहा. खडूने नको, तो पुसला जातो. भरलेल्या गाडीचा मागचा दरवाजा लावण्याआधी एक फोटो, दोरी आवळल्यावर एक. वजनकाट्याची पावती बिल्टीला जोडा.

ड्रायव्हरला जेवलात का, विचारा. त्याला पत्ता नीट समजावून द्या, घेणाऱ्याचा फोन लावून बोलणं करून द्या. एवढ्याने वाटेतले निम्मे घोळ टळतात, हा माझा अनुभव आहे.

पोच

माल उतरताना काय करायचं हे घेणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा. नग मोजल्याशिवाय सही करायची नाही. काही कमी, ओलं, फुटलेलं असेल तर ते बिल्टीच्या पोच प्रतीवरच लिहायचं: "2 पोती कमी, 3 भिजलेली", तारीख, वेळ, ड्रायव्हरची सही. नुसतं "मिळाला" लिहून सही केली की पुढचा सगळा दावा लंगडा होतो. ड्रायव्हर घाई करेल, त्याला दुसरीकडे जायचं असतं. चहा द्या, बसवा, पण मोजल्याशिवाय सोडू नका.

बाकीचं भाडं पोच प्रत हातात आल्यावर द्या, आणि ती आल्यावर उशीर न करता द्या. वेळेवर पैसे देणाऱ्याला सोयाबीनच्या दिवसांतही गाडी मिळते.

नुकसान झालंच तर त्याच दिवशी ट्रान्सपोर्टला लेखी कळवा आणि नुकसानीचा दाखला मागा. विमा कंपनी तो विचारते. कायद्याप्रमाणे दावा लावायचा तर माल बुक केल्यापासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस गेलेली असावी लागते. तोंडी आश्वासनं ऐकत बसलं की सहा महिने कधी सरतात ते कळत नाही. म्हणून बुकिंगच्याच दिवशी बिल्टीच्या मागे पेन्सिलीने 180 वा दिवस कोणता येतो ती तारीख लिहून ठेवत जा.